यादी एवढी लांब कशी होते? : फिरस्त्या इंग्लिश फॉरवर्डबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मुंबई सिटीचा माजी स्ट्रायकर ॲडम ले फॉन्ड्रे याच्या क्लबांची यादी छापली होती : स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅम, रेडिंग, कार्डिफ, मध्येच लोनवर (मूळ क्लबशी करार ठेवून काही काळ उसना) बोल्टन, वुल्व्ज आणि विगन, मग पुन्हा बोल्टन, सिडनी, मुंबई, परत सिडनी आणि त्यानंतर स्कॉटलंडचा हिबर्नियन. त्यावर कोल्हापूरच्या पेठापेठांतून, जिथं तालमींचेच फुटबॉल संघ असतात, पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

अकरा क्लब! आमच्याकडं एका तालमीचा पोरगा दुसऱ्या तालमीकडून उतरला तर वर्षभर पेठेत तोंड दाखवायची पंचाईत. एवढा गोल मारणारा होता, तर एका जागी टिकला का नाही? (मंगळवार पेठ)

क्लबांची नुसती नावं वाचून काहीच कळत नाही. प्रत्येक नावापुढं तीन गोष्टी लिहून बघा : त्या वर्षी क्लब कुठल्या डिव्हिजनमध्ये होता, खेळाडूचं वय काय होतं, आणि तो गेला कसा, म्हणजे पैसे मोजून विकत, करार संपल्यावर मोकळा, की लोनवर. मग यादी बोलायला लागते.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या चार पायऱ्या आहेत. वर प्रीमियर लीग, २० संघांची. तिच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ संघांच्या. एकूण ९२ क्लब. खालच्या तिन्ही लीगमध्ये एका संघाला मोसमात ४६ साखळी सामने, कपचे सामने वेगळे. म्हणजे नऊ-साडेनऊ महिन्यांत पन्नासच्या आसपास सामने, आणि प्रत्येक क्लबला गोल करणारा माणूस हवाच.

ले फॉन्ड्रे १९८६ च्या डिसेंबरचा, स्टॉकपोर्टचाच. स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅम ही त्याची पहिली वर्षं बहुतेक लीग टूमधली, म्हणजे चौथ्या पायरीवरची. ऑगस्ट २०११ मध्ये रेडिंगनं त्याच्यासाठी साडेतीन लाख पौंड मोजले. रेडिंग तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये होतं, म्हणजे गडी एका उडीत दोन पायऱ्या वर गेला. त्याच मोसमात रेडिंग पहिलं येऊन प्रीमियर लीगमध्ये पोचलं. तिथं २०१२-१३ मध्ये त्याचे १२ गोल, त्यातले बरेच बदली खेळाडू म्हणून उतरून. जानेवारी २०१३ मध्ये न्यूकॅसलच्या मैदानावर बाकावरून उठून दोन गोल आणि २-१ विजय. ३० जानेवारीला चेल्सीविरुद्ध ०-२ मागे असताना ८७ व्या मिनिटाला एक आणि भरपाईच्या वेळेत एक, सामना २-२. त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला आणि सर्वोत्तम मॅनेजर त्याचाच ब्रायन मॅकडरमॉट.

आता गंमत बघा. ११ मार्चला त्याच मॅकडरमॉटला क्लबनं नारळ दिला. मोसम संपला तेव्हा रेडिंग खाली घसरलं होतं. एक वर्ष चॅम्पियनशिपमध्ये काढून २०१४ च्या उन्हाळ्यात ले फॉन्ड्रे कार्डिफला गेला. त्याला तिथं नेलं ओले गुनार सोल्शायरनं, जो स्वतः मँचेस्टर युनायटेडमध्ये बाकावरून उठून गोल मारण्यासाठी प्रसिद्ध. सप्टेंबरमध्ये सोल्शायरच क्लबमधून गेला आणि पुढच्या जानेवारीत ले फॉन्ड्रे लोनवर बोल्टनला. ज्यानं आणलं तोच उरला नाही, की फॉरवर्डचे दिवस भरतात. फिरस्त्यांच्या निम्म्या यादीचं कारण एवढंच असतं.

आणि याचा फटका स्टॉपर (मधला बचावपटू) किंवा गोलीपेक्षा फॉरवर्डला जास्त बसतो. नवा मॅनेजर बचावफळी सहसा लगेच मोडत नाही, पण पुढं एक खेळवायचा की दोन, उंच हेडवाला हवा की डीमध्ये चोरटी धाव घेणारा, हे पहिल्याच आठवड्यात ठरवतो. पुढं एकच माणूस खेळवायचं ठरलं तर पगारावरचे बाकीचे तीन फॉरवर्ड बाकावर. बाकावरचा फॉरवर्ड महागडा, म्हणून त्याला गिऱ्हाईक आधी शोधतात.

तेव्हा अकरा क्लब ही नामुष्की नव्हे. चौथ्या पायरीवरून निघून पहिल्या पायरीवर एका मोसमात डझनभर गोल करणारे फार थोडे. तालमीची निष्ठा ही आपल्या शाहू स्टेडियमची श्रीमंती आहे, पण ते माप लावून पगारी खेळाडूचं आयुष्य मोजलं तर त्याच्यावर अन्यायच होतो.

लोनमध्ये पगार कोण देतो? आणि लोनवर गेलेला गडी मूळ क्लबविरुद्ध खेळतो का? (शिवाजी पेठ)

पगाराची वाटणी ठरवून होते. मूळ करार पहिल्या क्लबशीच राहतो. नेणारा क्लब पूर्ण पगार उचलेल, निम्मा उचलेल किंवा काहीच उचलणार नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. मोठ्या क्लबला खेळाडू फक्त खेळता ठेवायचा असेल तर तो पगाराचा मोठा भाग स्वतःच सोसतो. शिवाय कधी लोनचं भाडं असतं, कधी ‘अमुक सामन्यांपेक्षा कमी खेळवलं तर भाडं वाढेल’ अशी अट. परत बोलावण्याची अट असेल तर मूळ क्लब जानेवारीत गडी माघारी नेऊ शकतो.

प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध उतरत नाही, असा नियमच आहे. एफए कपमध्ये मूळ क्लबनं लेखी परवानगी दिली तरच. आणि एका क्लबकडून एफए कप खेळला असेल तर त्या मोसमात तो कप दुसऱ्याकडून खेळता येत नाही. हे न तपासता घाईनं लोन घेणारे क्लब कपच्या सामन्याला हात चोळत बसतात.

फिफाची आणखी एक मेख लक्षात ठेवा. एका मोसमात खेळाडूची नोंदणी फार तर तीन क्लबांकडं होते आणि अधिकृत सामने खेळता येतात फक्त दोघांकडून. ऑगस्टमध्ये मूळ क्लबकडून दहा मिनिटं उतरला, मग लोनवर दुसऱ्याकडून खेळला, की जानेवारीत तिसऱ्याचा दरवाजा बंद. म्हणून ज्याला लोनवर पाठवायचं पक्कं आहे त्याला मोसमाच्या सुरुवातीला मुद्दाम उतरवत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मॅनेजरचा राग आहे.

जुन्या खेळाडूंच्या यादीत एकेक महिन्याचे क्लब दिसतात. आता तसं का होत नाही? (फुलेवाडी)

कारण दार बंद झालं. साधारण २००२-०३ च्या सुमारापर्यंत इंग्लंडमध्ये मोसम चालू असताना मार्चअखेरपर्यंत खेळाडू बदलता यायचे. मग उन्हाळा आणि जानेवारी अशा दोनच खिडक्या उरल्या, तरी खालच्या डिव्हिजनना तातडीच्या लोनची सवलत राहिली. किमान २८ दिवस, जास्तीत जास्त ९३ दिवस. फॉरवर्ड जखमी झाला की शुक्रवारी फोन आणि शनिवारी दुसरा गडी मैदानात. २०१५-१६ च्या मोसमानंतर फिफाच्या आग्रहानं ही सवलतही गेली, आता तातडीचं लोन फक्त गोलीपुरतं.

अशा छोट्या छोट्या लोनचं उत्तम उदाहरण ट्रेव्हर बेंजामिन. लेस्टरनं २००० साली त्याच्यासाठी दहा लाख पौंडांहून जास्त मोजले, पण जम बसेना. मग लेस्टरच्या करारावर असतानाच क्रिस्टल पॅलेस, नॉरिच, वेस्ट ब्रॉम, गिलिंगहॅम, ब्रायटन अशी वरात निघाली.

स्टीव्ह क्लॅरिजची लांबी वेगळ्या जातीची. मोजे घोट्यापर्यंत खाली, दिसायला गबाळा, पण चारही व्यावसायिक डिव्हिजन खेळलेला. १९९६ च्या प्ले-ऑफ (वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीचे बाद सामने) फायनलमध्ये वेम्ब्लीवर जादा वेळेच्या अगदी शेवटच्या मिनिटाला त्याच्या नडगीला लागून उडालेला बॉल क्रिस्टल पॅलेसच्या जाळ्यात गेला आणि लेस्टर प्रीमियर लीगमध्ये. पुढच्याच वर्षी लीग कप फायनलच्या फेरसामन्यात मिडल्सब्रोविरुद्ध एकमेव गोल त्याचाच. डिसेंबर २००६ मध्ये, चाळिशीत, बोर्नमथकडून पोर्ट व्हेलविरुद्ध तो हजाराव्या सामन्याला उतरला. बोर्नमथ त्या दिवशी ०-४ हरलं, ते सोडून द्या.

फ्री ट्रान्सफर म्हणजे क्लबला खेळाडू फुकट मिळतो का? (शाहूपुरी)

मूळ क्लबला काही द्यावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबर १९९५ च्या, युरोपीय न्यायालयाच्या बॉसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू मोकळा होतो. इंग्लंडमध्ये करार साधारण ३० जूनला संपतात. वाचलेली रक्कम मग सही करताना खेळाडूला आणि एजंटला जाते, पगारही चढा लागतो. मोकळं असण्याची दुसरी बाजू म्हणजे जुलैपासून पगार बंद. मे २०१६ मध्ये अदेबायो अकिनफेन्वानं वेम्ब्लीवर लीग टूच्या प्ले-ऑफ फायनलमध्ये पेनल्टीवर दुसरा गोल मारला, एएफसी विम्बल्डन वर चढलं, आणि तिथंच त्यानं टीव्हीवर सांगितलं की आपण आता बेरोजगार आहोत, मॅनेजरांनी व्हॉट्सॲप करावं. लोक हसले, पण माहिती शंभर टक्के खरी होती. त्या उन्हाळ्यात त्याला वायकम्बनं घेतलं आणि २०२० मध्ये तो त्यांच्यासोबत चॅम्पियनशिपपर्यंत गेला.

रिकी लॅम्बर्ट २७ वर्षांपर्यंत खालीच होता म्हणतात. मग इंग्लंडच्या संघात कसा आला? वरच्या क्लबांना तो आधी दिसला नाही? (राजारामपुरी)

दिसला होता, पण वेगळ्याच जागी. लिव्हरपूलच्या अकादमीनं त्याला पंधराव्या वर्षी सोडलं. ब्लॅकपूलनंही सोडल्यावर काही काळ तो बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावत होता, दिवसाला वीस पौंडांवर. मॅकल्सफील्डमधून २००२ मध्ये स्टॉकपोर्टनं त्याला तीन लाख पौंडांना घेतलं, पण या सगळ्या काळात तो बराचसा हाफमध्ये (मधल्या फळीत) खेळायचा. पूर्णवेळ फॉरवर्ड म्हणून त्याचं बस्तान बसलं ते रॉचडेलला. तिथं २००५-०६ मध्ये लीग टूमध्ये २२ गोल. मग ब्रिस्टल रोव्हर्स, आणि २००८-०९ मध्ये लीग वनमध्ये २९.

ऑगस्ट २००९ मध्ये साउथॅम्प्टननं दहा लाख पौंडांच्या घरात पैसे मोजले. तेव्हा तेही लीग वनमध्येच होतं. पहिल्याच मोसमात ३० साखळी गोल. २०११-१२ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये २७. २०१२-१३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये १५. म्हणजे दोन पायऱ्या एकाच शर्टात चढला, क्लब न बदलता! १४ ऑगस्ट २०१३ ला वेम्ब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि इंग्लंडसाठी बॉलला केलेला पहिलाच स्पर्श हेडचा गोल, सामना ३-२. पुढं २०१४ च्या वर्ल्ड कपच्या संघातही होता.

वेग कमी असलेला गडी वर कसा टिकला, हा खरा प्रश्न. हाफमध्ये काढलेली वर्षं तिथं कामाला आली. तो पाठीवर स्टॉपर घेऊन बॉल धरायचा आणि वळायच्या आधीच बाजूच्याला द्यायचा, त्यामुळं धावायचं काम दुसरे करत. आणि पेनल्टी. साउथॅम्प्टनसाठी त्यानं ३४ मारल्या आणि ३४ गेल्या.

आपल्याकडं टायब्रेकरला निम्मे सामने जातात, म्हणून पेनल्टीचं जरा सविस्तर. बाजू बॉल ठेवायच्या आधी ठरवा आणि गोली हलला तरी बदलू नका. पोरं चुकतात ती धावताना गोलीकडं बघून मन बदलल्यानं. आधार पाय एका बाजूला रोवलेला आणि मारणारा पाय दुसरीकडं वळतो, बॉल एकतर मऊ जातो किंवा बाहेर. धाव पाच पावलांच्या आसपास, दरवेळी तेवढीच. सराव सुरुवातीला ताज्या पायांनी नको. संपताना, पाय जड झाल्यावर दहा मारा आणि कुठं गेल्या ते वहीत लिहा. दहापैकी आठ एकाच कोपऱ्यात जोरात जात असतील तर तोच तुमचा कोपरा. गोलीला कळलं तरी चालतं, अकरा मीटरवरून खांबालगत जोरात गेलेला बॉल ओळखूनही हाताला लागत नाही.

असा खेळाडू गुरुवारी नव्या संघात येतो आणि शनिवारी गोल करतो. ओळख नाही, पाळख नाही, हे जमतं कसं? आमच्या संघात मध्येच आलेला फॉरवर्ड चार सामने हरवल्यासारखा फिरतो. (उत्तरेश्वर पेठ)

तो सगळ्या संघाशी ओळख करायच्या भानगडीत पडत नाही. त्याला चार गोष्टी कळल्या की पुरतं : विंगर कुठल्या पायानं क्रॉस टाकतो, टाकण्याआधी किती टच घेतो, कॉर्नर गोलकडं वळणारा येतो की बाहेर जाणारा, आणि आपला गोली लांब किक कुठल्या बाजूला मारतो.

पहिल्या सरावात सगळ्यांबरोबर रोंडो (वर्तुळात उभं राहून पास देण्याचा सराव) खेळण्यापेक्षा वीस मिनिटं फक्त दोन विंगर मागून घ्या. प्रत्येक बाजूनं दहा बॉल. पाच पहिल्या खांबाकडं, पाच मागं पेनल्टी स्पॉटजवळ काढून दिलेले. बघायचं एकच, विंगरची मान खाली जाते तो क्षण. मान खाली गेली म्हणजे बॉल निघाला, धाव तिथून सुरू. नवा फॉरवर्ड चुकतो तो याच ठिकाणी. उतावीळपणानं दोन सेकंद आधी निघतो, गोलीसमोर जाऊन उभा राहतो आणि मग बॉल त्याच्या मागून जातो, किंवा तो ऑफसाइड सापडतो. आपल्याला वाटतं विंगरनं खराब टाकला.

उभं राहायचं स्टॉपरच्या लांबच्या खांद्यामागं, जिथं बॉल आणि तुम्ही दोन्ही त्याला एकदम दिसत नाहीत. दोन पावलं मागं, मग एकदम पहिल्या खांबाकडं. उन्हाळ्यात शाहू स्टेडियमचं मैदान कडक झालं की टप्पा उंच उडतो आणि स्टॉपर पहिल्या टप्प्याला फसतो. तिथं त्याच्याशी उडी मारण्यात शक्ती घालवू नका, त्याच्या मागं तीन-चार मीटरवर थांबा.

बाकावर असाल तर पहिला तासभर मोबाइल नको, गप्पा नकोत. कुठल्या स्टॉपरला पिवळं कार्ड आहे, तो कुठल्या पायावर वळायला कचरतो, गोली जोरदार फटका पुढं सोडतो की बाजूला, हे बघा. उतरायच्या आठ-दहा मिनिटं आधी १५ ते २० मीटरच्या धावा काढा, शेवटच्या दोन पूर्ण वेगानं. नुसते पाय ताणून उतरलेल्याचा मांडीमागचा स्नायू पहिल्याच झेपेत धरतो. खास करून रात्री गार वाऱ्यात.

ले फॉन्ड्रेला मुंबईत खेळताना बघायचं राहून गेलं. तो किती सामने मुंबईच्या मैदानावर खेळला? (ताराबाई पार्क)

एकही नाही. २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगचा सगळा मोसम कोविडमुळं गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. मुंबई सिटीनं साखळीत पहिला क्रमांकही घेतला आणि मार्च २०२१ मध्ये एटीके मोहन बागानला २-१ हरवून करंडकही. ले फॉन्ड्रे सिडनीहून लोनवर आला होता, वय ३४, गोल ११.

मायकल चोप्रा न्यूकॅसलकडून खेळला, नंतर केरळ ब्लास्टर्सकडूनही. वंश भारतीय, मग भारताकडून का नाही? (उद्यमनगर)

पासपोर्ट. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि राष्ट्रीय संघासाठी भारतीय पासपोर्ट लागतो. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. चोप्राला ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागला असता. जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराटानं तिकडचं नागरिकत्व सोडलं, म्हणून तो भारताकडून खेळू शकला.

मुलगा १६ वर्षांचा, फॉरवर्ड. एकजण म्हणतोय, इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये ट्रायल लावून देतो, पाच लाख भरा. खालच्या डिव्हिजनमधून वर जाता येतं हे तुम्हीच लिहिता. पाठवावं का? (कसबा बावडा)

पैसे भरू नका. कारणं ओळीनं सांगतो.

फिफाच्या नियमांत १८ वर्षांखालच्या खेळाडूचं एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतर बंद आहे. अपवाद मोजके, आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी तिकडं राहायला गेले, हा त्यातला एक. ट्रायलमध्ये मुलगा चमकला तरी क्लबला त्याची नोंदणी करता येणार नाही.

१८ नंतरही वर्क परमिटसाठी एफएची (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची) शिफारस लागते आणि ती गुणांवर मिळते. राष्ट्रीय संघाचं फिफा मानांकन, तिथं खेळलेले सामने, क्लब कुठल्या लीगमध्ये खेळतो, किती मिनिटं खेळला, यावर गुण. भारताचं मानांकन आणि आपल्या लीगची प्रतवारी बघता ते जमवणं सध्या फार कठीण. लॅम्बर्टसारखी माणसं खालून वर गेली, कारण ती त्याच देशाची होती, त्यांना परमिटचा प्रश्नच नव्हता. ‘शिकायला जाऊ दे, तिथंच एखाद्या छोट्या क्लबला पगारावर खेळेल’ असं कोणी सुचवलं तर हेही ऐका : स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला मनाई आहे.

त्या गृहस्थाकडं फिफाच्या परवान्याचा नंबर मागा. परवानाधारक एजंटांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर नाव घालून तपासता येते. अल्पवयीन खेळाडूशी बोलायला एजंटला पालकांची लेखी संमती आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. खरा एजंट कमाई करतो ती करारातल्या टक्क्यातून. ट्रायलसाठी आधी रोख मागणाऱ्याला दारातूनच रामराम.

त्याऐवजी मुलाची नोंदणी नीट करा, तीही दरवर्षी, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत, संलग्न क्लबच्या नावावर. बरेच पालक आणि तालमीही इथं ढिलाई करतात. उद्या खेळाडू परदेशी क्लबला विकला गेला तर रकमेचे पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या चार वर्षांसाठी वर्षाला पाव टक्का, पुढच्या आठ वर्षांसाठी वर्षाला अर्धा टक्का. दहा लाख पौंडांच्या व्यवहारात, पोरगा बारा ते पंधरा तुमच्याच क्लबकडं असेल तर क्लबचे दहा हजार पौंड होतात. नोंदणीत नाव नसेल तर हक्क सांगायला कागदच नाही. जन्मदाखल्यावरची आणि आधारवरची तारीख एकच आहे ना, तेही आत्ताच बघा. दोन तारखा निघाल्या की वयोगटाच्या निवडीत मुलगा पहिल्या दिवशीच बाजूला काढला जातो.